कढई त्यांची, यंत्र आमचं

सप्टेंबर लागला की स्त्रूमित्सात
कॅलेंडर कुणी बघत नाही.
गल्लीच्या तोंडाशीच नाकाला कळतं,
कुणाच्या तरी पत्र्यावर मिरच्या पडल्या.

आमच्याकडे शनिवारी तीन पोती आली.
लालभडक, पंजाएवढ्या रुंद,
नावाला मिरच्या, जिभेला गोड.
ब्लागोयाने भट्टी अंगणात ओढली,
नेवेना गणिताची वही घेऊन
धुराच्या उलट बाजूला बसली
आणि वारा मुद्दाम तिच्याच मागे लागला.

भिंतीपलीकडेही धूर होता.
दीर-जावेचा.

मागच्या वर्षापर्यंत भट्टी एकच होती.
मग सासरे गेले, ट्रॅक्टर विकला,
पैशांची वाटणी झाली, मग बोलण्याचीही.
त्यांच्या वाट्याला त्यांचं गप्प बसणं,
आमच्या वाट्याला आमचं.
सासूबाईंची कढई,
जिच्यात दोन पोरं आंघोळीला बसतील,
ती पलीकडे गेली.
मिरच्या दळायचं लोखंडी यंत्र अलीकडे राहिलं.
तेव्हा हे कुणाच्या लक्षात आलं नाही.
हिवाळा होता.

भाजलेली मिरची झाकून ठेवली
की स्वतःच्याच वाफेत तिची साल सुटते.
"माणसांचं तसं असतं तर," मी म्हटलं.
"देठं राहतायत," ब्लागोया म्हणाला.

दुपारपर्यंत आमचं दळून झालं.
आता शिजवायचं कशात?
त्याने सुपाची तीन पातेली आणून मांडली,
एकाचं बूड पापडाएवढं पातळ.
पलीकडून टक टक टक.
दोन्का सुरीने चिरत होती, हाताने, सगळं.
ती डावखुरी आहे.
तिची टक टक मी झोपेतही ओळखेन.
चारला आवाज थांबला.
मी ऐकत बसले होते का?
होते.

यंत्र पुसलं, टॉवेलमध्ये गुंडाळलं,
भिंतीवर ठेवून आत आले.
अर्धा तास काहीच नाही.
एक अक्रोड पडला.
मांजर येऊन टॉवेल हुंगून गेलं.
भांडी आवरून बघते तर
टॉवेलच्या जागी कढई, पालथी,
मोठ्या काळ्या कासवासारखी.

रात्री अकरापर्यंत ढवळलं.
एकाने थांबायचं, दुसऱ्याने उलथनं घ्यायचं,
खाली लागू द्यायचं नाही.
तेल कडेने सुटायला लागलं
तशी नेवेना खुर्चीतच झोपली,
बोटं लाल, वहीत अंगठ्याचा ठसा.

कढई घासून परत द्यायची, ही रीत.
मी तळाची खरवड एका बाजूला तशीच ठेवली.
त्यांच्या मीलेला ती आवडते.
मागच्या वर्षी पावाने पुसता पुसता
कोपरापर्यंत आत गेला होता.
दोन्का काय म्हणेल?
घाणेरडी कढई पाठवली, म्हणेल.
म्हणू दे.

मग रात्रभर पलीकडे ढवळणं.
तीनला जाग आली,
खिडकी उघडी, खोलीभर वास.
आमचा की त्यांचा, सांगता येत नव्हतं.
नाही, येत होतं.

सकाळी भिंतीवर यंत्र.
चार वर्षं डुगडुगणारी त्याची मूठ
("उद्या बघतो," ब्लागोया, चार वर्षं)
घट्ट बसलेली. नवा स्क्रू.
रिस्तोचंच काम.
ब्लागोयाने मूठ फिरवून पाहिली,
उलटी फिरवून पाहिली,
पुन्हा सुलटी,
एका स्क्रूसाठी लागते त्याहून बराच वेळ.

यंत्राशेजारी एक बरणी, अजून कोमट.
झाकण सासूबाईंच्या चेरीच्या मुरंब्याचं,
कडेला गंजलेलं.

पांढरं चीज, पाव, चहा.
ब्लागोयाने पहिला घास चावला,
थांबला.
"वांगं घातलंय."
"ती घालतेच."
"आयवारात वांगं," तो म्हणाला,
जसं त्याचे वडील म्हणायचे,
तशीच मान हलवत.

पावाचा दुसरा तुकडा मात्र
त्याने जाडच कापला.